रातपाळीचं फूल

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पुरता अंधार असा कधी होत नाही. सूर्य गावाच्या अंगाला मावळतो, दिवसपाळीचे कामगार रिकामे डबे सायकलच्या हँडलला अडकवून कुंभारीकडं, विडी घरकुलाकडं निघतात, रातपाळीचे त्याच फाटकातून आत शिरतात आणि शेडच्या कोपऱ्यांवरचे पिवळे दिवे एकेक करून लागतात. माग चालूच राहतात. टॉवेलच्या मागाची खडखड वेगळी, चादरीच्या जेकार्डची वेगळी. इथल्या तान्ह्या पोराला ती खडखड थांबली तरच जाग येते.

आमचं घर अशाच एका टॉवेल कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. घर आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली आहे, तीच माझी बाग. तळाला मुरूम, त्यावर बांधकामाच्या वेळी पडलेला विटांचा चुरा, आणि वर मी वर्षानुवर्षं घालत आलेलं शेणखत आणि पालापाचोळा. नळाला उजनीचं पाणी येतं, ते चार-पाच दिवसांआड. मधल्या दिवसांत बोअरचं वापरायचं, ज्यात साबणाला फेस येत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. हवेत कापसाचे तंतू कायम तरंगत असतात आणि हळूहळू पानांवर उतरतात. आणि रात्री कारखान्याच्या दिव्याचा उजेड शेडच्या कोपऱ्यावरून थेट या पट्टीवर पडतो.

या जागेत मी जे फूल लावते, त्याच्या बियांच्या पाकिटावर ‘रुडबेकिया’ असं छापलेलं असतं. इंग्रजीत त्याला ब्लॅक-आइड सुझन म्हणतात. त्याच नावानं आपल्याकडं एक वेलही विकली जाते, नारिंगी पाकळ्यांची आणि काळ्या कंठाची. ती थनबर्जिया, मूळची पूर्व आफ्रिकेतली, कुळ सगळं वेगळं. मी म्हणते ते झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचं. मांडीएवढं उंच वाढतं. हळदी रंगाच्या पाकळ्या आणि मधोमध गर्द तपकिरी, लांबून काळाच दिसणारा उंचवटा. मेरीलँडचं ते १९१८ पासून राज्यफूल आहे. कार्ल लिनियस गरीब विद्यार्थी असताना, १७३० साली, उपसाला विद्यापीठातल्या ओलोफ रुडबेक या प्राध्यापकाच्या घरी त्याच्या मुलांना शिकवायला राहिला होता. पुढं झाडांना नावं देण्याचं काम त्याच्याकडं आलं तेव्हा त्यानं हे फूल रुडबेक बापलेकांच्या नावे केलं. ज्या घरानं आसरा दिला त्या घराचं नाव एका फुलाला मिळालं, याचं मला अप्रूप वाटतं.

पण हे फूल मी लावलं ते त्याच्या स्वभावासाठी. रस्ता काढला, माती उलथली, माळ जळाला, की अशा उघड्या पडलेल्या जमिनीवर जी झाडं आधी पोचतात त्यांतलं हे एक. गुलाबाला खोल, निचऱ्याची, मऊ माती हवी असते. मोगऱ्याला पाणी हवं. याला उघडीप आणि ऊन हवं, बाकी तक्रार नाही. एमआयडीसी म्हणजे तरी दुसरं काय आहे? खणलेली, भरलेली, ट्रकांच्या चाकांखाली चेपलेली जमीन. मुरुमावर जगायचं ज्याला माहीत आहे, त्यालाच इथं बोलवावं, असं माझं मत आहे.

शिवाय इथं त्याची भावकी आधीपासून नांदते आहे. सोलापूर हा करडईचा मुलूख. ज्वारीच्या शेतात कडेनं करडईचे काटेरी पाटे ओढायचे, म्हणजे जनावर आत शिरत नाही, ही इथली जुनी रीत. करडईचा ‘भीमा’ वाण सोलापूरच्याच संशोधन केंद्रातून आला. कोरडवाहू शेतीचा अभ्यास या गावात १९३३ पासून चालू आहे. करडई, कारळं, सूर्यफूल, झेंडू, शेवंती, गलांडा, बांधावरचा माका, भिंतीच्या फटीतून डोकं काढणारा दगडीपाला, सगळं एकच कुळ. यांच्यात आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर कित्येक फुलांचं बिऱ्हाड असतं. कमी पाण्यात, कमी जागेत पुष्कळ बी धरायची ही त्या कुळाची युक्ती आहे. याच कुळातलं गाजर गवतही १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि बघता बघता सगळ्या माळांवर माजलं, म्हणून परदेशी पाहुण्याबद्दल मी सावध असते. रुडबेकियाच्या बियांना वाऱ्यावर उडायला केसांचा झुपका नसतो. बी झाडाखालीच पडतं. तरीही वाळलेली बोंडं मी भिंतीबाहेर टाकत नाही.

गौरी-गणपती उरकले की बी टाकायचं. बी काळं, बारीक, चिमटीत धरलं तरी जाणवू नये इतकं हलकं. ते मातीत पुरायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून चाळलेल्या मातीवर नुसतं पसरायचं, तळहातानं दाबायचं आणि फवाऱ्यानं पाणी द्यायचं. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. मग कितीतरी आठवडे झाड वर येतच नाही. जमिनीला चिकटून पानांचा गोल चक्राकार पसारा करून बसतं. पानं आणि पुढं येणारा दांडा, दोन्हींवर राठ लव असते. त्या लवेमुळं पाणी जपून राहतं आणि शेळीही तोंड लावायला कचरते. आमच्याकडं त्या लवेत कापसाचे तंतू अडकतात. सकाळच्या तिरप्या उन्हात पान पांढुरकं चमकतं तेव्हा त्यातली लव पानाची किती आणि शेजारच्या टॉवेलची किती, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. पाणी द्यायचं ते बुडाशी. पानं ओली राहिली की भुरी येते, आणि भुरी आणि सुताचा थर एकत्र झाले की पान गुदमरतं.

फूल उमललं की मी त्याच्याजवळ बसते. पाकळ्या म्हणतो त्या वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. त्यांचं काम बोलावण्याचं. बी धरणारी फुलं मधल्या तपकिरी उंचवट्यावर, शेकड्यांनी, वळणदार रांगांत लावलेली. ती एकदम उघडत नाहीत. आधी सर्वांत खालचं कडं उघडतं, त्यावर परागांची पिवळी बारीक रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी ती रेघ एक पायरी वर चढते. पुढं आणखी वर. उंचवटा खालून काळवंडत जातो आणि पिवळं कडं शेंड्याकडं सरकत राहतं. शेंड्याला पोचलं की त्या फुलाचं काम संपलं. एक फूल दोन-तीन आठवडे टिकतं ते यामुळं. फुलोरी माशी, ती लहानशी, फांदीला उघडं पोळं लावणारी, त्या कड्यावर गोल गोल फिरते आणि बरोबर उघडलेल्या रांगेवरच थांबते.

माशीला दिसतं ते मात्र आपल्याला दिसत नाही. आपल्या डोळ्यांना पाकळी बुडापासून टोकापर्यंत एकसारखी पिवळी वाटते. तिच्या बुडाच्या भागात अतिनील प्रकाश शोषून घेणारी रंगद्रव्यं असतात आणि टोकाकडचा भाग तो प्रकाश परतवतो. माशीच्या डोळ्याला अतिनील दिसतं, म्हणून तिला मधल्या डोळ्याभोवती आणखी एक मोठं काळं वर्तुळ दिसतं. ही रंगद्रव्यं कोणती, हे १९७२ साली अमेरिकेत याच फुलाच्या पाकळ्यांवरून शोधून काढण्यात आलं. सोलापूरच्या पांढऱ्या टॉवेलवर पांढऱ्याच सुताची नक्षी विणतात, समोरून पाहिलं तर कोरं, तिरप्या उजेडात धरलं की मोर, वेल, नाव सगळं उमटतं, तसंच हे.

आमच्या शेजारी एक अम्मा राहतात. तेलुगू बोलणाऱ्या, पूर्व भागातून इकडं आलेल्या, जन्मभर विड्या वळलेल्या. सूप मांडीवर घेऊन दारात बसतात, बोटं चालू असतात आणि डोळे माझ्या ताटव्यावर. पहिल्यांदा फुलं आली तेव्हा त्यांनी विचारलं, “वास नाही?” मी म्हटलं, “नाही अम्मा.” “देवाला चालतं?” “माहीत नाही.” “केसात?” “दांडा राठ आहे, टोचेल.” त्यांनी पान कापलं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला आणि म्हणाल्या, “मग कशाला लावलं गं?”

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं फूल म्हणजे हार, गजरा, देवाचं ताट. झेंडू, गलांडा, शेवंती बाजारात किलोवर विकली जाते. संध्याकाळी भाव पडले की तीच फुलं मातीमोल होतात आणि ढिगानं फेकली जातात. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांना फुलं चढतात, तेव्हा त्या फुलांचं सोनं होतं, हे मी डोळ्यांनी पाहते आणि मानते. पण झाडावरच ठेवलेलं फूल, ज्याला कुणी खुडत नाही, जे आपल्या चालीनं उमलतं, माशीला घेतं, काळं पडतं, बी धरतं आणि शेवटी मुनियांची लहान टोळी येऊन ते बी टिपून जाते, असं फूल आमच्या आळीत नव्हतं. ते असावं असं मला मनापासून वाटत होतं. दिवसभर ज्याचं त्याचं माप होतं, मीटर, किलो, डझन, विड्यांचं हजार, अशा ठिकाणी एक गोष्ट तरी मापाबाहेर असावी. अम्मांना मी एवढंच म्हटलं, “माशांसाठी आणि तुम्हाला बघायला.” त्यांना ते पटलं नसावं. पण त्यांनी सुपाची जागा बदलली आणि तोंड ताटव्याकडं करून बसायला लागल्या.

मागच्या काही हिवाळ्यांत फुलं गड्ड्याच्या सुमारास यायची. संक्रांतीच्या दिवसांत अक्षता सोहळ्याहून परतावं तर दारात पिवळा ताटवा उभा. मात्र सगळी झाडं फुलायची नाहीत. घरामागं सिमेंटची टाकी आहे, तिच्या आड लावलेली रोपं तशीच जमिनीला चिकटून बसायची. ऊन दोन्हीकडं सारखं, खत सारखं, पाणी सारखं. आणखी एक गोष्ट होती. ताटव्याच्या शेजारी शेवंतीच्या कुंड्या होत्या. भरघोस वाढायच्या, हिरव्यागार, आणि फूल मात्र धरायच्या नाहीत. अम्मा म्हणायच्या, नजर लागली.

कारण कळलं ते २०२५ च्या हिवाळ्यात. अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. ते लागू झालं २७ ऑगस्टला, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सोलापूरचे टॉवेल अमेरिकेला जातात. पलीकडच्या कारखान्याचं काम कमी कमी होत गेलं आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये रातपाळी बंद झाली. कारखान्यातले, मागांवर देखरेख करणारे जॉबरमामा भिंतीवरून सांगत होते, “अमेरिकेचा माल थांबलाय वहिनी. आता एकच पाळी.” संध्याकाळी फाटकाला कुलूप लागायला लागलं. दिवा लावायचं कारण उरलं नाही. कितीतरी वर्षांनी आमच्या पट्टीवर रात्र उतरली.

मार्गशीर्षात शेवंती फुलली. नुसती फुलली नाही, पानं दिसेनाशी झाली. गुरुवारच्या पूजेला मी ताट भरून फुलं नेली, अम्मांच्या घरी दिली, जॉबरमामांच्या घरी पाठवली. आणि रुडबेकियाचा पूर्ण ताटवा, पुढचा, मागचा, टाकीआडचा, सगळा जमिनीला चिकटून बसला. पौष गेला, गड्डा झाला, एकही दांडा वर आला नाही.

झाड दिवसाची लांबी मोजतं, हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी, १९२० साली. त्यांच्यापुढं तंबाखूचा ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा वाण होता. उन्हाळ्यात तो नुसता उंच वाढायचा, फुलायचा नाही, आणि हिवाळ्यात काचघरात ठेवला की फुलायचा. दुपारीच झाडं अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी दिवस लहान केला, आणि तंबाखू उन्हाळ्यातही फुलली. पुढं १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. शंकेश्वर म्हणजे तेच झुडूप, ज्याची काटेरी बोंडं मेंढरांच्या लोकरीला आणि धोतराच्या काठाला चिकटतात. एमआयडीसीच्या रिकाम्या प्लॉटांवर ते उदंड आहे. त्या प्रयोगांतून दिसलं की झाड खरं तर रात्र मोजतं, अखंड रात्र. मध्येच थोडा वेळ उजेड पडला तरी ती रात्र मोडते आणि झाडाचा हिशेब बदलतो. त्यासाठी ऊन लागत नाही, मंद उजेड पुरतो. शेवंती पिकवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. फुलोरा पुढं ढकलायचा असेल तर ते शेवंतीवर रात्री बल्ब लावतात.

शेवंतीला लांब रात्र हवी. रुडबेकियाला मोठा दिवस हवा. मेरीलँडमध्ये जूनचा मोठ्यात मोठा दिवस जवळपास १५ तासांचा असतो. सोलापुरात तो १३ तास १० मिनिटांच्या आसपास, आणि डिसेंबरात दिवस ११ तासांच्या किंचित वर. म्हणजे संक्रांतीला हे फूल इथं फुलायला नकोच होतं. फुलत होतं, कारण भिंतीपलीकडं रात्र होत नव्हती. टॉवेल विणणाऱ्यांसाठी जागा ठेवलेला दिवा भिंतीवरून सांडत होता आणि माझी झाडं त्याला दिवस समजत होती. त्याच उजेडानं शेवंतीची रात्र मोडत होती.

हे समजलं तेव्हा मला आनंद झाला आणि अस्वस्थही वाटलं. ज्या फुलाला मी मापाबाहेरचं म्हणत होते, ते कारखान्याच्या पाळीवर चाललेलं होतं. आतले कामगारही त्याच दिव्याखाली उभे. बारा-बारा तास माग सांभाळायचे, तुटलेला धागा जोडायचा, कांडी बदलायची, आणि सकाळी उन्हात डोळे बारीक करत घरी जाऊन पत्र्याखाली झोपायचं. माणसाच्या अंगालाही रात्र कळते. ती मोडली तर काय होतं, हे रातपाळीच्या घरातल्या बाईला विचारावं. नवरा घरी असून दिवसभर मुलांना गप्प बसवावं लागतं. रोपाला लांबवलेला दिवस मिळाला की ते लवकर फुलतं, लवकर बी धरतं आणि लवकर संपतं. टाकीआडची रोपं, ज्यांना रात्र मिळाली, ती पानांतच राहिली, पण उन्हाळा काढून पुढं टिकली. दोन्ही रोपं एकाच पाकिटातली.

तरी तो दिवा विझावा, असं मी आता म्हणणार नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालक, त्यांच्या घरातली माणसं, कामगार आणि त्यांच्यात एक लहानगं मूल. कारखान्याच्या जागेतच घर, ही इथली जुनी पद्धत आहे. खाली माग, वर किंवा मागं बिऱ्हाड. काम आणि झोप यांच्यात एक भिंत. आमचंही फार वेगळं नाही. त्या पहाटेनंतर रात्री जाग आली की मी आधी खिडकीतून भिंतीकडं बघायची. दिवा चालू असायचा, मागाचा आवाज यायचा, म्हणजे कुणीतरी जागं आहे, काही झालं तर कुणीतरी ओरडेल. रातपाळी बंद झाल्यावर शेवंतीनं घर भरलं, पण त्या महिन्यांत मला नीट झोप लागली नाही. आणि रातपाळीची माणसं तर पगाराला मुकली होती. जॉबरमामांच्या हाताखालचे काहीजण गावाकडं गेले, काही बांधकामावर लागले.

आता चैत्र आहे. दिवस बारा तासांच्या वर गेला आहे. ताटव्याला मी पाचटाचं आच्छादन केलं आहे, बुडाशी संध्याकाळी पाणी देते. चक्रं पसरली आहेत, हाताच्या पंजाहून मोठी झाली आहेत. सोलापूरच्या मोठ्यात मोठ्या दिवसाला पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाश जोडला, तर यांतल्या काहींना तेवढं पुरेल, असा माझा अंदाज आहे. जूनमध्ये कळेल.

घाई अम्मांना आहे. भाद्रपदाच्या अमावास्येला त्यांची बतकम्मा सुरू होते. बायका ताटात फुलांचे थर एकावर एक गोल रचत शिखर उभं करतात, त्याभोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. त्या शिखरात तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे लागतात. पूर्वी अम्मा आणि त्यांच्या मैत्रिणी याच माळावरून ओचाभर तरवड खुडून आणायच्या. आता माळावर शेड आहेत, पुढं कुंभारीला हजारो घरं झाली आहेत, आणि ती व्हायलाच हवी होती. विड्या वळणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या बायकांना हक्काचं छप्पर मिळालं. पण तरवड लांब गेला. मागच्या वर्षी अम्मांनी बाजारातून झेंडू विकत आणला आणि त्यांना ते आवडलं नाही. विकतच्या फुलांची बतकम्मा कशी, म्हणाल्या. परवा सूप बाजूला ठेवून त्या भिंतीशी आल्या, एका चक्राचं राठ पान बोटानं दाबून पाहिलं आणि विचारलं, “हे तेव्हा येईल का गं? पिवळं आहे. आपल्या अंगणातलं आहे.”

फुलं झाडावर राहू द्यायची, हा माझा हट्ट होता. अम्मांसाठी तो मी सोडणार आहे. थरांत रचायला दांडा लागत नाही, नुसतं फूल लागतं, आणि याचं फूल खुडलं तरी दिवसभर तग धरतं.

बतकम्माच्या दिवसांत सोलापुरात दिवस आणि रात्र जवळपास बरोबरीला येतात. तेव्हा फूल हवं असेल तर दिवा हवा. जॉबरमामांनी एक जुना दिवा आणि होल्डर देऊ केला, म्हणाले, तुमच्याच मीटरवर जोडून देतो. मी थांबले आहे, कारण नव्या ऑर्डरची बोलणी चालू आहेत, असंही त्यांनीच सांगितलं. आषाढ संपेपर्यंत भिंतीवरचा दिवा लागला नाही, तर आमचा लावू. बी मात्र मृगाचा पाऊस झाला की लगेच टाकायचं, ट्रेमध्ये, वळचणीला, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी. शेवंतीच्या कुंड्या मी आत्ताच घराच्या पलीकडच्या अंगाला हलवल्या आहेत. दिवा परत लागला तर त्यांची रात्र मोडायला नको.